मैदानात कोण नव्हतं ते आधी सांगा

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये यूकॉनची २०२४ ची टीम आजवरची सगळ्यात भारी टीम होती का, हा विषय निघाला की दोन मिनिटांत दोन गट पडतात. एक म्हणतो आकडे बघा ना, विषयच संपला. दुसरा म्हणतो अरे कसले आकडे, १९९२ च्या ड्यूकसमोर ही पोरं हाफटाइमपर्यंत तरी टिकली असती का. मग कुणीतरी कोच जॉन वुडनच्या यूसीएलएचं, म्हणजे लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटीचं, नाव काढतो, बारा वर्षांत दहा टायटल, आणि त्यावर कोणाला काही बोलताच येत नाही कारण दहा हा आकडाच असा आहे. मला या सगळ्या भांडणात एक गोष्ट कायम खटकते. सगळे जण कोण खेळलं ते सांगतात. त्या वर्षी मैदानात कोण येऊच शकलं नाही, कुणाला येऊ दिलं नाही, कोण आधीच निघून गेलं होतं, हे कोणी मोजत नाही. आणि माझ्या मते टीम्सची तुलना करायची तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

आधी यूकॉनचं काय ते बोलू, कारण ज्यांनी तो सीझन बघितला नाही त्यांना वाटतं आम्ही उगाच चढवून सांगतो. यूकॉन म्हणजे कनेक्टिकट युनिव्हर्सिटी, गाव स्टॉर्स, गाव म्हणजे खरंच गाव. २०२३ मध्ये टायटल जिंकलं, त्यातले सॅनोगो, हॉकिन्स, आंद्रे जॅक्सन निघून गेले, आणि पुढच्या वर्षी ३७ जिंकून ३ हरून पुन्हा टायटल. मार्चच्या टूर्नामेंटमध्ये सहा मॅच असतात, एक हरलात की घरी, दुसरा चान्स नाही. या सहा मॅच त्यांनी मिळून १४० पॉइंटच्या फरकाने जिंकल्या. याआधीचा मोठा आकडा केंटकीच्या १९९६ च्या टीमचा, १२९, आणि ती टीम म्हणजे अर्धी एनबीएच, पगारी खेळाडूंची लीगच, होती. २०२३ च्या सहा धरल्या तर यूकॉनच्या सलग बारा मॅच, आणि सगळ्यात कमी फरक १३ पॉइंटचा. नॉकआउटमध्ये. म्हणजे दोन वर्षं शेवटच्या मिनिटाला कोणाची छाती धडधडलीच नाही, आणि खरं सांगायचं तर बघायला थोडं बोअरसुद्धा झालं.

इलिनॉयविरुद्धची मॅच तर शाळेत दाखवावी अशी आहे. पहिल्या हाफमध्ये स्कोअर २३-२३, बरोबरीत. त्यानंतर यूकॉनने सलग ३० पॉइंट केले आणि इलिनॉयने शून्य, दुसऱ्या हाफमध्ये बोर्डवर ५३-२३ दिसत होतं आणि समोरची टीम काही साधीसुधी नव्हती, तिसऱ्या सीडची, म्हणजे तिसऱ्या मानांकनाची होती. सात फूट दोन इंचाचा डॉनोव्हन क्लिंगन बास्केटखाली उभा, आणि त्याने हात वर करून अडवलेले इलिनॉयचे १९ शॉट, त्यातला एकही आत गेला नाही. एकोणीसपैकी शून्य! आणि त्यांचा कोच पोरांना पुन्हा पुन्हा आतच घुसायला लावत होता, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

पण माझ्यासाठी ती टीम कळते ती फायनलमध्ये. समोर पर्ड्यू, त्यांच्याकडे झॅक ईडी, सात फूट चार इंच, सलग दोन वर्षं देशातला बेस्ट प्लेअर. कोणताही कोच काय करेल, ईडीवर दोन माणसं टाकेल. पर्ड्यूला तेच तर हवं असायचं, कारण दोन माणसं आत गेली की बाहेर कोणीतरी मोकळा राहतो, ईडी बॉल बाहेर देतो, आणि ती टीम थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचे शॉट, मारण्यात देशात सगळ्यात वरच्या टीम्सपैकी होती. यूकॉनचा कोच डॅन हर्लीने ठरवलं की ईडीला करू दे काय करायचंय ते. क्लिंगन एकटा त्याच्याशी झुंजेल, बाकीचे चौघे आपापल्या माणसाला चिकटून राहतील, मदतीला जायचंच नाही. ईडीने ३७ पॉइंट केले. बाकी सगळ्या पर्ड्यूने मिळून २३. थ्री किती मारले? सात घेतले, एक गेला. स्कोअर ७५-६०. एखाद्याला ३७ करू द्यायचे आणि तरी शांत बसायचं, प्लॅन बदलायचा नाही, चाळीस मिनिटं, यासाठी जी शिस्त लागते ती १९ वर्षांच्या पोरांमध्ये सहसा नसते. आणि इथेच खरी मेख आहे, ती सगळी पोरं १९ वर्षांची नव्हतीच. त्यावर येतो पुढे.

आता हा ७५-६० स्कोअर लक्षात ठेवा, कारण कॉलेज बास्केटबॉलमध्ये याच स्कोअरची अजून एक मॅच आहे आणि माझं म्हणणं त्या मॅचवर उभं आहे.

नोव्हेंबर १९६५. यूसीएलएने नवीन हॉल बांधला, पॉली पॅव्हिलियन, आणि उद्घाटनाला आपल्याच मेन टीमची मॅच आपल्याच फ्रेशमन टीमशी लावली. मेन टीम म्हणजे लागोपाठ दोन वर्षं नॅशनल चॅम्पियन, नवीन सीझनसाठीही देशात पहिल्या नंबरवर धरलेली. आणि फ्रेशमन म्हणजे नुकती शाळा संपवून आलेली पोरं, त्यात न्यूयॉर्कचा एक उंच मुलगा, ल्यू अल्सिंडर, जो पुढे करीम अब्दुल-जब्बार झाला. फ्रेशमन जिंकले, ७५-६०. देशातल्या नंबर वन टीमला त्यांच्याच हॉलमध्ये त्यांच्याच ज्युनियर पोरांनी पंधरा पॉइंटने हरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून ही पोरं पुन्हा फ्रेशमनच्या मॅच खेळायला मोकळी, कारण तेव्हाचा नियमच तसा होता, पहिल्या वर्षाच्या मुलाला मेन टीममध्ये खेळता यायचं नाही. तो नियम १९७२ मध्ये गेला. त्या सीझनचं टायटल टेक्सस वेस्टर्नने घेतलं, आणि ते जिंकणं फार मोठं होतं, पण १९६६ ची देशातली सगळ्यात भारी टीम कोणती असं मला विचाराल तर मी म्हणेन बहुतेक ती, जिला टूर्नामेंटमध्ये पाय ठेवायची परवानगीच नव्हती.

आता सांगा, १९६६ च्या चॅम्पियनची २०२४ च्या चॅम्पियनशी तुलना करताना हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

यूसीएलएच्या दहा टायटल्सचंही तसंच. मला वुडनबद्दल आदरच आहे, १९६७ ते ७३ सलग सात ही काही थट्टा नाही, ८८ मॅच सलग जिंकणं ही तर अजिबातच नाही. पण तेव्हाची टूर्नामेंट कशी होती ते बघा. आज ६८ टीम्स असतात, तेव्हा २३ नाहीतर २५. यूसीएलएला पहिल्या फेरीत सुट्टी मिळायची, चार मॅच जिंकल्या की टायटल. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एका कॉन्फरन्समधून, कॉलेजांच्या एका गटातून, एकच टीम जायची. १९७१ मध्ये लॉस एंजेलिसमधल्याच यूएससीने अख्ख्या सीझनमध्ये फक्त दोन मॅच हरल्या, दोन्ही यूसीएलएकडून, आणि म्हणून ते टूर्नामेंटच्या बाहेर. दोन मॅच हरलेली टीम आज पहिल्या सीडवर बसली असती. १९७४ मध्ये मेरीलँड आपल्या कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये ओव्हरटाइममध्ये १००-१०३ ने हरली आणि घरी बसली, तेव्हा कुठे लोकांना वाटलं की हे काहीतरी चुकतंय, आणि १९७५ पासून टीम्स ३२ केल्या, एका कॉन्फरन्समधून दुसरी टीमसुद्धा घ्यायला लागले. वुडनने १९७५ पण जिंकलं, पाच मॅच खेळून, तेही सांगायला हवं नाहीतर मी फक्त एकाच बाजूचं बोलतोय असं होईल. उलट बाजूने हेही खरं की अल्सिंडर पुढच्या वर्षांत एवढा भारी पडायला लागला की १९६७ मध्ये डन्कवरच, म्हणजे बॉल वरून थेट बास्केटमध्ये कोंबण्यावरच, बंदी घातली, ती १९७६ पर्यंत चालली. म्हणजे सगळ्यात उंच माणसाला सगळ्यात सोपा शॉट बंद, तरी तो जिंकत राहिला.

आपल्याकडे मुंबईच्या रणजी टीमचं नाव घेताना असंच होतं. १९५८-५९ ते १९७२-७३, सलग पंधरा, हा आकडा सांगून माणूस छाती फुगवून मोकळा होतो. मला मात्र त्या पंधरांतलं सगळ्यात मोठं टायटल १९७०-७१ चं वाटतं, कारण वाडेकर, सरदेसाई, गावस्कर, सोलकर, मांकड सगळे वेस्ट इंडीजला गेलेले, आणि सुधीर नाईकच्या कप्तानीखाली राहिलेल्यांनी फायनलला महाराष्ट्राला हरवलं. कोण नव्हतं ते कळलं की त्या विजयाचं वजन एकदम वेगळं लागतं.

जुन्या काळात जाऊ तितकं हे प्रकरण वाईट होत जातं. अडॉल्फ रपच्या केंटकीने १९४८, ४९, ५१ आणि ५८ ला टायटल जिंकलं, चार बॅनर, पण दक्षिणेतल्या त्यांच्या कॉन्फरन्समध्ये काळ्या मुलांना टीममध्येच घेत नव्हते. मिसिसिपी स्टेटची टीम चांगली असून १९५९, ६१, ६२ मध्ये टूर्नामेंटला गेली नाही, का तर समोर काळे खेळाडू येतील म्हणून. १९६३ ला ती टीम कोर्टाची नोटीस हातात पडायच्या आत राज्यातून लपूनछपून निघाली आणि लोयोला शिकागोशी खेळली. हरली, पण खेळली. मग त्या काळातला एखादा चॅम्पियन काढून कोणी म्हणालं की हा बघा खरा बास्केटबॉल, पैसा नव्हता, कॉलेज बदलायचं पोर्टल नव्हतं, तर माझं डोकं फिरतं. बाबा रे, अर्धे खेळाडू नव्हते.

बरं, मग उलटा प्रश्न. मैदानात जवळजवळ सगळेच हजर होते असा काळ कोणता? माझं उत्तर साधारण १९८५ पासून नव्वदीच्या मध्यापर्यंत. टूर्नामेंट ६४ टीम्सची झालेली, सगळ्यांना दार उघडं, आणि चांगली पोरं तीन-तीन, चार-चार वर्षं कॉलेजात राहायची. म्हणून १९९१ आणि ९२ चं ड्यूक मला सगळ्यात जड वाटतं. क्रिश्चियन लेटनर पूर्ण चार वर्षं राहिला, बॉबी हर्ली चार, ग्रँट हिल चार. यूसीएलएनंतर लागोपाठ दोन टायटल घेणारे ते पहिले, मध्ये जवळजवळ वीस वर्षं कोणालाच जमलं नव्हतं. पण त्यांच्या वाट्याला सोप्या मॅच कमी आल्या. १९९२ ला केंटकीशी १०४-१०३, ओव्हरटाइम, शेवटचे २.१ सेकंद, हिलचा अख्ख्या कोर्टभर लांब पास आणि लेटनरचा शॉट, हे तुम्ही कुठेतरी बघितलंच असेल. त्या दिवशी त्याने दहापैकी दहा शॉट आणि दहापैकी दहा फ्री थ्रो मारले. त्याच मॅचमध्ये त्याने खाली पडलेल्या केंटकीच्या पोराच्या छातीवर पाय ठेवला होता आणि रेफ्रीने नुसता टेक्निकल फाउल दिला, बाहेर काढायला हवं होतं, माझं अजूनही तेच मत आहे. काढलं असतं तर ड्यूकचं दुसरं बॅनर नाही, आणि आपण आज १९९२ ची कुठली तरी दुसरीच टीम घेऊन बसलो असतो. पुढे इंडियानाशी तीन पॉइंटने जिंकले, फायनल मात्र मिशिगनला वीसने हाणलं.

यात एक गंमत आहे. केंटकीच्या आधीची ड्यूकची मॅच सीटन हॉलशी होती आणि सीटन हॉलकडून खेळत होता बॉबीचा धाकटा भाऊ डॅनी. ड्यूक ८१-६९. तोच डॅनी म्हणजे यूकॉनचा कोच डॅन हर्ली. म्हणजे लागोपाठ दोन टायटल ही गोष्ट एका घरात दोनदा आली, मोठा खेळाडू म्हणून, धाकटा कोच म्हणून. वडील बॉब हर्ली जर्सी सिटीच्या सेंट अँथनी या छोट्या शाळेचे कोच, हॉल ऑफ फेममध्ये गेलेले, शाळा २०१७ मध्ये पैशाअभावी बंद पडली. जर्सी सिटीत आपली मराठी मंडळी ढिगाने राहतात, त्यातल्या किती जणांना हे माहीत आहे देव जाणे.

आता यूकॉनकडे परत. २०२४ मध्ये कोण नव्हतं? सांगतो. त्या वर्षीच्या एनबीए ड्राफ्टमधली, म्हणजे नवीन पोरांच्या निवडीतली, पहिली दोन्ही नावं, रिझाशे आणि सार, फ्रान्सची पोरं, अमेरिकन कॉलेजात कधी खेळलीच नाहीत. काही चांगली अमेरिकन पोरं कॉलेजऐवजी जी लीगच्या, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगच्या, टीमकडे गेली. आणि जी कॉलेजात आली ती एका वर्षात गेली. १९९२ च्या हिशोबाने बघितलं तर २०२४ ला जी पोरं थर्ड इयर, फोर्थ इयरला असायला हवी होती ती सगळी एनबीएत पगार घेत होती. म्हणजे वरचा थर पातळ.

मग होतं कोण? वयाने मोठे लोक. ट्रिस्टन न्यूटन, फायनलला २० पॉइंट आणि टूर्नामेंटचा बेस्ट प्लेअर, कॉलेजचं पाचवं वर्ष, आधी ईस्ट कॅरोलायनाला होता. कॅम स्पेन्सर, पाचवं वर्ष, आधी लोयोला मेरीलँड, मग रटगर्स. कोव्हिडमुळे सगळ्यांना एक वर्ष जास्त मिळालं होतं, आणि पोर्टलमुळे कॉलेज बदलायला वर्षभर बाकावर बसावं लागत नव्हतं. ड्राफ्टमध्ये न्यूटन ४९ वा, स्पेन्सर ५३ वा. लॉटरीतले, म्हणजे पहिल्या चौदातले, दोघेच, क्लिंगन सातवा आणि एकाच वर्षासाठी आलेला स्टेफॉन कासल चौथा. म्हणजे टॅलेंटच्या दृष्टीने १९९६ च्या केंटकीच्या जवळपासही नाही. पण २२-२३ वर्षांचे गार्ड, ज्यांना कुठे पास द्यायचा आणि कधी गप्प उभं राहायचं ते कळतं, ते १९ वर्षांच्या पोरांसमोर काय करतात ते आपण बघितलं. १४० चा आकडा त्यातून आला. आकडा खोटा नाही, पण त्यातला बराच भाग वयाचा आहे. आणि २०२३ च्या सहा मॅचमध्ये तर पहिल्या किंवा दुसऱ्या सीडची एकही टीम समोर आली नाही, त्या वर्षी पहिल्या सीडच्या चारही टीम्स शेवटच्या आठात पोचायच्या आधीच गळाल्या होत्या. त्यात यूकॉनचा दोष नाही. पण मोजताना मोजायला लागतं.

इथे काही जण म्हणतात ना की पोर्टल आणि एनआयएलच्या पैशाने बांधलेली टीम, तिचं कसलं कौतुक, जुने लोक कॉलेजसाठी खेळायचे, तर हे मला अजिबात पटत नाही. एनआयएल म्हणजे २०२१ पासून खेळाडूला आपल्या नावावर पैसे कमवायची परवानगी आहे, राजरोस. जुन्या काळात पैसे नव्हते असं नाही, टेबलाखालून होते. यूसीएलएच्या पोरांना सॅम गिल्बर्ट नावाचा एक श्रीमंत फॅन काय काय मदत करायचा ते नंतर सगळं पेपरात आलं. हॉल भरायचा, टीव्हीचे पैसे यायचे, कोच श्रीमंत व्हायचा, आणि पोराने फुकट पिझ्झा खाल्ला तर चौकशी. त्या काळाला पवित्र म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि अजून एक, आपण तुलना नेहमी चॅम्पियनशीच का करतो? १९९१ चं यूएनएलव्ही, लास व्हेगसची युनिव्हर्सिटी, ३४-० होतं, आधीच्या वर्षी फायनलला याच ड्यूकला १०३-७३ ने, तीस पॉइंटने धुतलेलं. सेमीला ड्यूककडून ७७-७९ ने हरले आणि यादीतून नाव गेलं. २०१५ चं केंटकी ३८-० होतं, त्यातली सहा पोरं त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये गेली, टाउन्स पहिला, बुकर तेरावा, आणि विस्कॉन्सिनसमोर ऐन शेवटी सलग तीनदा शॉट क्लॉक संपेपर्यंत बॉल घेऊन उभे राहिले आणि सात पॉइंटने हरले. या दोन टीम्स कित्येक चॅम्पियन्सपेक्षा भारी होत्या असं मी शपथेवर सांगेन. एका रात्रीच्या चाळीस मिनिटांवर बॅनर ठरतं, टीम किती मोठी ते नाही ठरत. १९७६ च्या इंडियानानंतर पुरुषांमध्ये एकही मॅच न हरता कोणी टायटल घेतलं नाही, त्यांचं ३२-० म्हणून अजून चमकतं, पण त्यांनाही टूर्नामेंटमध्ये पाचच मॅच खेळायला लागल्या, सहा नाही.

तर माझा हिशोब असा. एकाच सीझनचा दरारा, मार्चमध्ये कोणाला डोकं वर काढू न देणं, यात ६४ टीम्सच्या काळात यूकॉन २०२४ च्या वर मी कोणाला ठेवत नाही. सगळे हजर असताना जिंकलेलं टायटल, तर ड्यूक १९९२. पण लागोपाठ दोन टायटलची जोडी म्हणून विचाराल तर मी यूकॉनही घेत नाही आणि ड्यूकही नाही, मी फ्लोरिडा घेतो, २००६ आणि ०७. इथे माझे यूकॉनवाले मित्र चिडतात.

कारण बघा. २००६ ला जिंकल्यावर नोआ, हॉरफर्ड, ब्रूअर, तिघेही एनबीएला जाऊ शकत होते, गेले नाहीत. ग्रीन आणि हम्फ्रीसकट तेच पाच जण पुन्हा आले, म्हणजे ती खऱ्या अर्थाने एकच टीम होती, यूकॉनच्या दोन वर्षांत तसं नाही. आणि नेमकं २००६-०७ हे पहिलं वर्ष जेव्हा शाळेतून थेट एनबीएला जायची वाट बंद झाली, म्हणून ग्रेग ओडेन, माइक कॉनली, केव्हिन ड्युरंट हे सगळे कॉलेजात अडकले. दोन वर्षं आधी असते तर ओडेन आणि ड्युरंट मैदानात दिसलेच नसते. फ्लोरिडाने फायनलला ओडेनला हरवलं, त्याने २५ पॉइंट आणि १२ रिबाउंड काढले तरी, ८४-७५. त्या वर्षीच्या त्यांच्या बऱ्याच मॅच सात, आठ, नऊ पॉइंटच्या होत्या, १४० वगैरे काही नाही, पण समोर माणसं कोण होती ते बघा ना.

फ्लोरिडा २००७ आणि यूकॉन २०२४ यांची मॅच लावली तर? क्लिंगनला बास्केटखाली उभं राहायला आवडतं आणि नोआ, हॉरफर्ड दोघांनाही पास देता येतो, दोघेही बाहेर येऊन खेळू शकतात. तो एकाबरोबर वर आला की मागे जागा मोकळी, ब्रूअर तिथून कापत जाणार. न्यूटनला ब्रूअरचे लांब हात आवडणार नाहीत. उलट यूकॉनचे स्पेन्सर आणि करबान बाहेरून मारायला लागले तर फ्लोरिडाला त्रास होणार, आणि थ्रीची लाइन २००७ ची धरली, आताच्यापेक्षा दोन फुटांहून जास्त जवळ, तर अजूनच त्रास, पण मग ली हम्फ्रीलाही तीच लाइन मिळते आणि त्या माणसाला तिथे एकटं सोडणं म्हणजे पॉइंट हातात देणं. फ्लोरिडा, चार पॉइंटने, क्लिंगन शेवटची सहा मिनिटं चार फाउल घेऊन खेळतोय.